आमचा टब आणि त्याचे डाग

आमच्या घरात आंघोळीचा टब आहे, ही गोष्ट मी शक्यतो कोणाला सांगत नाही. सांगितली की ऐकणारा आधी माझ्या कपड्यांकडे बघतो, मग चपलांकडे, आणि ह्या माणसाच्या घरी टब कसा, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसू लागतो. म्हणून एकदाच खुलासा करून टाकतो. टब आम्ही घेतलेला नाही. 1958 साली वडिलांनी शिवाजी पार्कजवळची ही जागा पागडीने घेतली, तेव्हा तो जागेबरोबर आला. आधीचे भाडेकरू एक पारशी गृहस्थ होते. त्यांनी जाताना पंखे नेले, पडदे नेले, दिव्यांचे बल्बसुद्धा काढून नेले. टबासाठी चार हमाल बोलावले होते. त्यांनी चार बाजूंनी हात घातले, एकमेकांकडे पाहिले आणि मजुरी न घेताच ते परत गेले, असे वडील सांगत. बिडाचा टब तो! खाली वाघाचे चार पंजे आहेत. लहानपणी मी त्या पंजांना नखे किती आहेत हे मोजत असे. आता त्यांच्यामागे किती झुरळे आहेत हे मोजतो.

ह्या टबात 1958 पासून गेल्या डिसेंबरापर्यंत आमच्या घरातल्या एकाही माणसाने आंघोळ केली नव्हती. आमच्याकडे आंघोळ टबाच्या शेजारी होते. तिथे अडीच फुटांची मोकळी जागा आहे. तिच्यात एक पाट, पाटापुढे बादली, बादलीत तांब्या. टबात असते ते पाणी. मुंबईत पाणी येण्याची वेळ ठरलेली, आणि ती बहुधा माणसाच्या झोपेची वेळ पाहूनच ठरवलेली. अशा शहरात दोनशे लिटर पाणी मावणारे भांडे घरात असणे म्हणजे काय, हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. शेजारणी आईचा हेवा करीत. त्यांच्याकडे नुसती पिंपे होती. आमचे पिंप पंजांवर उभे होते! 2024 च्या जूनमध्ये दहा टक्के पाणीकपात झाली, तेव्हाही मजल्यावरची मंडळी वाटी घेऊन विरजण मागायला यावीत तशी बादली घेऊन आमच्याकडे आली. आर्किमिडीज टबातून उठून रस्त्याने धावत सुटला तेव्हा त्याच्या मागोमाग त्याची बायकोही धावली असणार, आणि किती पाणी सांडलंत म्हणून तिने त्याला भर चौकात विचारले असणार, अशी आमच्या सौ.ची खात्री आहे.

तर असा हा टब. त्याच्यावर डाग होते ह्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. पिंपाला आतून कोण बघतो?

पण नोव्हेंबरात लंडनहून सूनबाईंचा फोन आला. मुलगा, सून आणि नातू असे तिघे डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी येणार होते. नातू 2021 चा. त्याला आम्ही आजवर पाहिले होते ते फोनच्या पडद्यावर, तेही निम्म्या वेळा नुसते कपाळ.

"बाबा, तो फक्त टबातच आंघोळ करतो हं," सूनबाई म्हणाल्या. "डोक्यावर पाणी घातलं की घर डोक्यावर घेतो. तुमच्याकडे टब आहे म्हणून मी निर्धास्त आहे बघा. नाहीतर हॉटेलच बघायचं चाललं होतं आमचं."

सूनबाई कोल्हापूरच्या. मनात येईल ते बोलून मोकळ्या होतात, आणि त्यात वाईट काही नसते. पण 'हॉटेल' हा शब्द आमच्या घरात जपून वापरावा लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. 2019 साली लग्नानंतर ही दोघे प्रथम आली, तेव्हा दोन रात्री आमच्याकडे राहिली आणि तिसऱ्या दिवशी "फ्लाइट पहाटेची आहे, विमानतळाजवळ बरं पडेल" असे म्हणून हॉटेलात गेली. फ्लाइट होती चार दिवसांनी. बॅगा आल्या होत्या तशाच, दाराजवळ उभ्याच्या उभ्या, परत गेल्या. सौ. त्यावर एक शब्दही बोलली नाही. तिने त्या दिवशी बाथरूम धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली. तिसऱ्या दिवशी धुवायला लागली तेव्हा मी बाहेर फिरायला निघून गेलो.

फोन ठेवल्यावर आम्ही दोघे बाथरूमच्या दारात जाऊन उभे राहिलो. सौ.ने टबाच्या बुचाची साखळी ओढली. पाणी गेले आणि तळ दिसला.

मी बँकेत पस्तीस वर्षे काढली आहेत. खातेवही उघडली की जुन्या चुका कशा एकेक करून वर येतात, ह्याचा मला अनुभव आहे. तसेच झाले. नळाखाली एक लांबच लांब तांबूस जीभ होती. इमारतीतले जुने नळ आतून गंजलेले, आणि तो नळ माझ्या मुंजीपासून गळतो आहे. कडेने चार बोटे रुंदीचा पांढरा, खरखरीत पट्टा होता. हे विहिरीच्या पाण्याचे काम. आमच्या आवारात विहीर आहे. तळ्यांचे पाणी कमी पडले की तिचे पाणी वर चढवतात, आणि त्यात साबण म्हणून फुटत नाही. पितळी चावीच्या खाली निळसर हिरवा ओघळ होता. तळाशी तपकिरी ठिपक्यांची रांगोळी होती, ती आईची. ती भाजी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात धूत असे आणि जांभळे पाणी टबात सांडले की वडील ओरडत असत. एका कोपऱ्यात पेटीतले आंबे पाण्यात टाकायची जागा होती, तिथे चिकाचे काळे टिंब. आणि 2020 साली चौपाटीवर जाता येईना म्हणून शाडूच्या गणपतीचे विसर्जन ह्याच टबात झाले होते, त्याच्या पितांबराचा पिवळा रंग अजून एका बाजूला होता.

"हे सगळं निघायला पाहिजे," सौ. म्हणाली.

"गणपतीचंसुद्धा?"

"सगळं."

डागांच्या बाबतीत एक अनुभव आहे. तुम्हाला ताप आला म्हणून सांगा, चार माणसे दोन औषधे सुचवतील. डाग पडला म्हणून सांगा, दोन माणसे आठ औषधे सुचवतील आणि शिवाय स्वतःच्या घरी जाऊन नववे आठवून फोन करतील. पहिल्या आठवड्यात आम्ही चिंच लावली. चिंचेने तांब्याची भांडी लख्ख होतात, तेव्हा निळा ओघळ खरोखरच फिका झाला. त्या आनंदात अर्धा किलो चिंच आणखी खर्ची पडली, पण गंज हसत राहिला. मग लिंबू आणि मीठ. मग नारळाच्या शेंडीने रांगोळी घासली. ही सूचना माझ्या मावसबहिणीची. तिच्याकडे रांगोळीने सगळे निघते. आमच्याकडे माझ्या बोटांची साले निघाली. मावसबहीण म्हणाली, "अरे, जोर लावायचा असतो." पासष्टी उलटलेल्या माणसाने ओणवे होऊन टबाच्या तळाशी जोर लावला की जोर कुठे लागतो, ह्याचे वर्णन मी हाडांच्या डॉक्टरांना करून सांगितले आहे. इथे पुन्हा करीत नाही.

मग मात्र मी सूत्रे हाती घेतली. पुरुषाने घरातल्या कामाची सूत्रे हाती घेतली की तो प्रथम बाजारात जातो. मी ब्लीचिंग पावडर आणली, तिचा लगदा करून रात्री टबभर थापला आणि समाधानाने झोपलो. सकाळी पाहतो तर आंब्याचे टिंब गेले होते, पिवळा पितांबर गेला होता, आणि मधोमध गंजाची जीभ पहिल्यापेक्षा अधिक तांबडी, अधिक टवटवीत दिसत होती. जणू तिला रात्रभर कोणी विडा खायला घातला होता.

तेव्हा मी ॲसिड आणायला निघालो.

ॲसिड पूर्वी सायकलवर येत असे. "फिनेल, ॲसिड" अशी आरोळी आली की बाटली घेऊन खाली जायचे. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विक्रीवर बंधने घातली, आणि जे घडत होते ते पाहता ती फार आधी यायला हवी होती. दुकानदाराने वही उघडली. नाव, पत्ता, ओळखपत्र. मग पेन रोखून त्याने विचारले, "कशासाठी?"

"टबासाठी," मी म्हणालो.

त्याने माझ्या कपड्यांकडे पाहिले, मग चपलांकडे. "टब म्हणजे कपड्यांचा?"

"आंघोळीचा."

त्याने 'संडास' असे लिहिले आणि बाटली दिली.

घरी येऊन मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि बाटली टबाच्या मधोमध ओतली. रात्रीचा ब्लीचिंगचा लगदा मी धुतला होता, पण पुरुष धुतात तसा. म्हणजे दिसेल तेवढा. कडेला, बुचाभोवती तो बराच शिल्लक होता. पुढे काय झाले ते नीट सांगता येत नाही. फसफसले, पिवळसर हिरवी वाफ आली आणि माझा घसा कोणीतरी आतून किसणीवर धरला. सौ.ने मला दंडाला धरून गॅलरीत ओढले, दार लावून घेतले आणि मग ती मला जे काही बोलली, ते मला खोकल्यामुळे पूर्ण ऐकू आले नाही.

वास जिन्यातून वर गेला असावा. तिसऱ्या मजल्यावर राहणारे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक नाकाला पंचा लावून खाली उतरले. चेहऱ्यावर काळजी होती, पण तिच्या आड कित्येक वर्षांनी विद्यार्थी सापडल्याचा आनंदही होता.

"ब्लीचिंग आणि ॲसिड?" ते म्हणाले. "क्लोरीन! 22 एप्रिल 1915. बेल्जियम, ईप्र. जर्मनांनी फ्रेंचांच्या खंदकांवर हाच सोडला. तुम्ही बंद बाथरूममध्ये स्वतःवरच सोडलात. अर्धी बाटली जास्त पडली असती तर मी आता वहिनींशी बोलत असतो."

वहिनींनी पदर डोळ्याला लावला. तो वाफेमुळे की कशामुळे, हे मी विचारले नाही.

दोन तास सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्यावर प्राध्यापकांनी आत जाऊन भरपूर पाणी सोडले, टबावर बोट फिरवले आणि मान हलवली. त्यांनी जे सांगितले ते मला आधी कळले असते तर माझी कंबर आणि घसा दोन्ही वाचले असते. टब दिसतो चिनी मातीचा, पण तो असतो बिडाचा, आणि वरचा पांढरा थर म्हणजे चक्क काच. बीड लालबुंद तापवायचे, त्यावर काचेची पूड चाळणीने भुरभुरायची. ती वितळून बसते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जॉन मायकेल कोहलर नावाच्या माणसाने 1883 साली गुरांच्या डोणीवर असाच काचेचा मुलामा चढवला, खाली चार पाय लावले आणि तीच डोण आंघोळीचा टब म्हणून विकली. पहिला टब एका शेतकऱ्याला एक गाय आणि चौदा कोंबड्यांच्या बदल्यात दिला, असे त्या कंपनीतच सांगितले जाते.

"एवढ्या?" सौ. म्हणाली. "म्हणजे तेव्हासुद्धा महागच!"

"सांगायचा मुद्दा," प्राध्यापक म्हणाले, "काच घासली की चरे पडतात. काचेवर जहाल ॲसिड ओतलं की तिचा तजेला जातो. मग त्या खरखरीत जागी मळ अधिक बसतो, म्हणून माणूस अधिक घासतो. आणि प्रत्येक डागाची जात वेगळी. ती ओळखल्याशिवाय औषध द्यायचं नाही. ब्लीचिंगने रंग जाईल, पण गंज जायचा नाही, उलट पक्का होईल."

बुचापाशी, तळाच्या मधोमध, जिथे ॲसिड साचले होते तिथे जेवणाच्या ताटाएवढे वर्तुळ उमटले होते. गंज गेला होता, पण तकाकीही गेली होती. साठ-सत्तर वर्षांच्या डागांत माझी ही भर. आणि हा एकच डाग असा, की जो कशानेही निघणार नव्हता.

त्यानंतरचे काम मात्र सरळ झाले. गंजावर आणि आईच्या तपकिरी ठिपक्यांवर प्राध्यापकांनी ऑक्झॅलिक ॲसिड सांगितले. मोझेकची फरशी पॉलिश करणारे शेवटचा हात देताना जी पांढरी पूड टाकतात, ती. अळू खाजते ते ह्याच कुळातल्या एका क्षाराच्या सुयांमुळे, असेही त्यांनी सांगितले, त्यामुळे सौ.चा त्या पुडीवर एकदम विश्वास बसला. पूड विषारी, म्हणून रबरी हातमोजे घातले, तोंडाला फडके बांधले आणि ह्या वेळी आधी टब बायका धुतात तसा धुतला. पूड ओली करून लावली, थोडा वेळ ठेवली, फडक्याने पुसली. गंज पिवळा झाला आणि पाण्याबरोबर वाहून गेला. घासावे लागले नाही. मी तिथेच पाटावर बसलो आणि गेल्या दोन आठवड्यांत वाया गेलेल्या चिंचेचा विचार करीत राहिलो. आईचे ठिपकेही गेले. ते जाताना मात्र मी थोडा वेळ पुडीचे फडके हातात धरून थांबलो होतो. सौ. म्हणाली, "पुसा." मी पुसले.

कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरचा इलाज सूनबाईंचा. लंडनचे पाणी खडूच्या खडकातून येते, तेव्हा किटलीत थर बसणे हे त्यांचे रोजचे. "व्हिनेगर लावा बाबा, पण ठेवून देऊ नका फार वेळ." मग माझ्या जुन्या पंच्याच्या पट्ट्या फाडून, व्हिनेगरमध्ये भिजवून टबाच्या कडेने लावल्या. बारीक बुडबुडे येत. दर अर्ध्या तासाने पट्टी उचलून बघायची, लाकडी उलथन्याने सुटलेला थर काढायचा, पुन्हा नवी पट्टी. ताप उतरेना म्हणून कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतात, तसे आम्ही दोघे दोन संध्याकाळी त्या टबाच्या उशाशी बसून होतो. मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला गोवर आला होता, त्याच्यानंतर असे जागरण आम्ही पहिल्यांदाच केले.

टब पांढरा झाला. किती पांढरा, तर बाथरूमच्या बाकीच्या भिंती काळ्या दिसू लागल्या. पण सौ.चे समाधान होईना. विषारी पूड लागलेल्या टबात पोराला बसवायचे कसे? तिने दोन दिवस तो धुतला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आधी तुम्ही बसा."

"मी?"

"मग काय मी?"

अशा रीतीने आमच्या घराण्यातली टबातली पहिली आंघोळ माझ्यावर आली. टबात बसणे ही बसण्याची गोष्ट नसून घसरण्याची आहे, हे मला तेव्हा समजले. पाय लांब केले की डोके खाली जाते, डोके वर काढले की गुडघे वर येतात आणि तेवढेच थंडीने काकडतात. साबण लावला, तर त्याचे करायचे काय? तो आपल्याभोवतीच तरंगत राहतो. माणूस आपल्याच मळात, जणू आमटीत सोडलेल्या गोळ्यासारखा. दाराबाहेरून सौ. दर मिनिटाला विचारीत होती, "खाजतंय का?" नव्हते खाजत. उठताना मात्र पंचाईत झाली. पाऊल ठेवावे तिथे सटकत होते. तिसऱ्यांदा सटकून शेवटी ज्या जागी पाय ठरला, ती जागा होती बुचाजवळचे माझे ते ॲसिडचे वर्तुळ.

पाहुणे आले ते पहाटे. बॅगा दाराजवळ उभ्या राहिल्या. सौ.ने पोहे केले, सगळ्यांनी खाल्ले, पण तिची नजर पुन्हा पुन्हा त्या बॅगांकडे जात होती. मग सूनबाई नातवाला घेऊन बाथरूममध्ये गेल्या. आम्ही दोघे दाराबाहेर उभे राहिलो. परीक्षेचा निकाल लावतात त्या फळ्यासमोर उभे राहावे, तसे.

पाणी सोडल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. मग सूनबाईंनी हाक मारली, "बाबा, हे मधे काय केलंय तुम्ही?"

मी आत गेलो. नातू त्या वर्तुळावर मांडी ठोकून बसला होता आणि प्लॅस्टिकच्या तांब्याने वाघाच्या पंजांच्या दिशेने पाणी उडवीत होता.

"ते जरा... ॲसिड सांडलं," मी म्हणालो. "निघत नाही ते."

"निघायला कशाला पाहिजे? बाकी सगळा टब काय गुळगुळीत आहे, आणि हा तिथंच कसा घट्ट बसलाय बघा. आम्ही तिकडं घसरू नये म्हणून रबराची चटई विकत आणून चिकटवतो, बाबा!" मग दाराकडे वळून त्यांनी आवाज दिला, "अहो, ऐकलं का! त्या बॅगा माळ्यावर टाका. चालताना पायात येतात."

माळ्यावर बॅगा चढवायला मुलाला मी स्टूल धरून दिले. खाली उतरून हात झटकत बाथरूमशी आलो, तर नातवाला टॉवेलात गुंडाळून बाहेर काढले होते आणि टबात अजून वीतभर साबणाचे पाणी होते. मी वाकून बुचाची साखळी धरली.

"हात लावाल तर खबरदार!" मागून सौ. ओरडली. "आठ बादल्या आहेत त्या. संडासाला होतील."